दुर्बिणीद्वारे होणारी फुफ्फुसाची शस्त्रक्रिया : तिच्या परिव्ययाची मीमांसा

फुफ्फुसाचा कर्करोग प्रारंभीच्या अवस्थेत सापडला, तर रोगग्रस्त भाग कापून काढणे हा त्यावरील प्रमुख उपाय होय. हा उपाय योजण्याचे आज मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात छातीच्या बाजूस लांब छेद घेऊन दोन बरगड्या यंत्राने फाकविल्या जातात आणि शल्यविशारद प्रत्यक्ष आत हात घालून काम करतो. दुसऱ्यात बरगड्या न फाकविता एक ते चार लहान छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची हत्यारे आत सोडतात आणि पडद्यावरील चित्र पाहून तीच शस्त्रक्रिया पार पाडतात. सामान्य लोक हिला ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणतात. दुर्बिणीचा मार्ग महाग, अशी समजूत सर्वत्र आढळते. रुग्णालयाचे बिल हाती पडले म्हणजे ती दृढ होते. याउलट गेल्या दहा-पंधरा वर्षांत प्रसिद्ध झालेले महत्त्वाचे अभ्यास हा मार्ग एकंदरीत स्वस्त पडतो, निदान महाग पडत नाही, असे सांगतात. ही विसंगती केवळ आकड्यांची नाही. परिव्यय कोणाचा, कोणत्या काळापुरता, आणि त्या शल्यविशारदाने केलेल्या कितव्या शस्त्रक्रियेचा, हे ठरविल्यावाचून ‘महाग’ व ‘स्वस्त’ हे शब्द येथे निरर्थक आहेत.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील सेंट लुई येथे एव्हार्ट्‌स ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी कर्करोगासाठी एका रुग्णाचे संपूर्ण डावे फुफ्फुस एकाच बैठकीत काढले. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो पुढे ग्रॅहॅम यांच्याहूनही अधिक काळ जगला. ग्रॅहॅम यांना मात्र १९५७ साली फुफ्फुसाच्याच कर्करोगाने मृत्यू आला. पुढे संपूर्ण फुफ्फुसाऐवजी त्याचा एक खंड काढणे पुरेसे ठरू लागले. छातीत दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना याहून जुनी आहे. स्वीडनमधील जाकोबेउस यांनी १९१० साली ती मांडली आणि क्षयरोग्यांच्या छातीतील चिकटलेले पडदे सोडविण्यासाठी पुढे तिचा उपयोगही केला. परंतु दुर्बिणीतून फुफ्फुसाचा सबंध खंड काढणे शक्य झाले ते १९९०नंतर. इटलीत मिलान येथील रोव्हियारो यांचे नाव या आरंभकाळात घेतले जाते. या अवधीत दोन गोष्टी उपलब्ध झाल्या होत्या : डोळ्याऐवजी पडद्यावर चित्र दाखविणारा लहान कॅमेरा आणि लहान छिद्रातून आत जाऊ शकणारा स्टेपलर.

परिव्ययाच्या चर्चेत या दुसऱ्या वस्तूला विशेष स्थान आहे. खंड काढताना त्याला येणाऱ्या रोहिणीच्या शाखा, त्यातून निघणारी नीला, आणि त्याची श्वासनलिका ही प्रत्येक बंद करून तोडावी लागते. शेजारच्या खंडाशी जोडलेला भागही वेगळा करावा लागतो. छाती उघडलेली असेल, तर हे काम सुईदोऱ्याने होऊ शकते. छिद्रातून काम करताना बहुधा स्टेपलर लागतो. तो दोन्ही बाजूंस टायटॅनियमच्या बारीक टाक्यांच्या रांगा घालतो आणि मधून पाते फिरवून ऊती कापतो. प्रत्येक वेळी त्यात नवे काडतूस भरावे लागते आणि वापरलेले काडतूस टाकून द्यावे लागते. एका शस्त्रक्रियेत अशी अनेक काडतुसे खर्ची पडतात.

या उपकरणाचा पूर्वेतिहास अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावा असा आहे. पहिला उपयुक्त स्टेपलर १९०८ साली बुडापेस्टमध्ये हुल्टल यांनी जठराच्या शस्त्रक्रियेसाठी वापरला. तो कित्येक किलो वजनाचा होता आणि त्याची जुळणी करण्यातच बराच वेळ जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएट रशियात मॉस्को येथे या विषयावर पद्धतशीर संशोधन झाले. अमेरिकन शल्यविशारद मार्क रॅव्हिच १९५८ साली कीव्ह येथे गेले असता त्यांनी अशा उपकरणाने श्वासनलिका बंद करताना पाहिली आणि एक नमुना ते स्वदेशी घेऊन आले. सोव्हिएट उपकरण पुनःपुन्हा वापरता येई. त्यातील टाके मात्र एकेक करून हाताने भरावे लागत. अमेरिकन कंपनीने आयते भरलेले, एकदा वापरून फेकावयाचे काडतूस बाजारात आणले. श्रम वाचले, चूक होण्याचा संभव कमी झाला. पण त्याबरोबर एकदाच करावयाच्या भांडवली खर्चाचे रूपांतर प्रत्येक रुग्णामागे नव्याने होणाऱ्या चालू खर्चात झाले. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे बिल फुगलेले दिसते त्याच्या मुळाशी उत्पादनपद्धतीतील ही निवड आहे. रोगाच्या किंवा शरीराच्या स्वरूपातून ती अपरिहार्यपणे निघालेली नाही. लहान शाखा साध्या दोऱ्याने वा क्लिपने बंद करून काडतुसे वाचविणारे शल्यविशारद आजही आहेत.

बिलाच्या दुसऱ्या अंगास बचत असते. बरगड्या फाकविल्या म्हणजे त्यांच्या खालून जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब येतो. या वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साचतो, न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि मुक्काम लांबतो. ही कारणपरंपरा टाळणे हाच दुर्बिणीच्या मार्गाचा खरा हेतू होय. आकाराने लहान व्रण हा त्यातला गौण भाग आहे. कर्करोग तितकाच पूर्णपणे निघतो किंवा नाही ही शंका आरंभी होती. तिच्या निरसनास बराच काळ लागला आणि तोपर्यंत परिव्ययाची तुलना करणे अकालीच ठरले असते, कारण परिणाम समान असतील तरच दोन मार्गांचे खर्च सरळ शेजारी ठेवता येतात.

या दृष्टीने दोन यादृच्छिक प्रयोग महत्त्वाचे आहेत. डेन्मार्कमधील ओडेन्स येथे २०६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दुर्बिणीच्या गटातील रुग्णांना पुढील वर्षभरात वेदना कमी होत्या आणि त्यांचे जीवनमान अधिक चांगले होते. त्याच रुग्णांच्या हिशेबाचा अभ्यास नंतर स्वतंत्रपणे झाला. त्यात शस्त्रक्रियेस लागणारा वेळ दुर्बिणीच्या गटात अधिक, परंतु रुग्णालयातील मुक्काम कमी आढळला आणि एकूण खर्चही कमी भरला. हा फरक मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दाखल व्हावे लागणे व बाह्यरुग्ण विभागात खेपा घालणे यांवरील खर्च कमी झाल्याने पडला. शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी हिशेब बंद केला असता, तर दुर्बिणीचा मार्ग महाग ठरला असता. वर्षअखेरीपर्यंत वही उघडी ठेवल्यावर तो स्वस्त ठरला.

दुसरा प्रयोग ब्रिटनमधील. तेथील नऊ रुग्णालयांतील ५०३ रुग्णांवर झालेला हा ‘व्हायोलेट’ नावाचा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. पाच आठवड्यांनंतर रुग्ण दैनंदिन शारीरिक कामे किती करू शकतो, हा त्याचा मुख्य निकष होता आणि त्यावर दुर्बिणीचा गट सरस ठरला. रुग्णालयात असताना गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ४४ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात सुमारे ३३ टक्के होते. मुक्कामाचा मध्यक पाच दिवसांवरून चारांवर आला. रोग पूर्णपणे काढण्याच्या बाबतीत कोणतीही तडजोड आढळली नाही, आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या दृष्टीने दुर्बिणीचा मार्ग परिव्यय-परिणामकारक असण्याचा संभव आहे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

मुक्कामाचा फरक अवघा एक दिवसाचा, ही गोष्ट काही वाचकांना निराश करणारी वाटेल. पण यादृच्छिक प्रयोगात हा फरक जसजसा काटेकोरपणे मोजला जातो तसतसा तो घटणे स्वाभाविकच आहे. पूर्वीच्या पाहणीवजा अभ्यासांत दुर्बिणीच्या वाट्यास सोपे, लहान गाठीचे, तरुण रुग्ण अधिक येत. त्यांचे यश शस्त्रक्रियापद्धतीच्या नावे जमा होई.

ही मर्यादा ध्यानात ठेवूनही एका पाहणीवजा अभ्यासाचा विचार येथे सविस्तर केला पाहिजे, कारण परिव्ययाच्या प्रश्नावर त्याने टाकलेला प्रकाश यादृच्छिक प्रयोगांतून सहसा मिळत नाही. अमेरिकेतील स्वॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालयांच्या हिशेबनोंदींचा एक मोठा संग्रह तपासून २०१२ साली आपले निष्कर्ष मांडले. खंड काढलेल्या ३,९६१ रुग्णांपैकी २,९०७ जणांची छाती उघडण्यात आली होती, तर १,०५४ जणांची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली होती. मुक्काम सरासरीने ७.८३ दिवसांवरून ६.१५ दिवसांवर आलेला. शस्त्रक्रियेचा वेळ ३.७५ तासांवरून ४.०९ तासांपर्यंत वाढलेला. आणि रुग्णालयाचा परिव्यय छाती उघडल्यास २१,०१६ डॉलर, दुर्बिणीतून केल्यास २०,३१६ डॉलर. म्हणजे बचत ७०० डॉलरांची, शेकडा साडेतीनहूनही कमी. मुक्काम पावणेदोन दिवसांनी कमी होऊनही बचत इतकी थोडी, यावरून वाचलेल्या दिवसांचा बराचसा पैसा शस्त्रक्रियागृहातील अधिक वेळ आणि काडतुसे यांत गेला असावा, हे सहज दिसते.

परंतु या अभ्यासाचे मर्म सरासरीत नाही. संशोधकांनी शल्यविशारदाच्या अनुभवानुसार आकडे वेगळे केले, तेव्हा छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेचा परिव्यय अनुभवी व अननुभवी अशा दोघांच्या हातीही जवळपास सारखाच, म्हणजे २१,००० डॉलरांच्या आसपास, असल्याचे आढळले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मात्र कमी शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हाती तो २२,०५० डॉलर, तर अधिक शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हाती १८,१३३ डॉलर भरला. हा ३,९१७ डॉलरांचा फरक दोन पद्धतींच्या सरासरींमधील फरकाच्या साडेपाच पट आहे. इतकेच नव्हे, तर फरकाचे चिन्हही बदलते : नवख्याच्या हाती दुर्बीण महाग, सरावलेल्याच्या हाती स्वस्त. तेव्हा ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया महाग की स्वस्त?’ या प्रश्नास एकच उत्तर असू शकत नाही. जुनी पद्धत स्थिर परिव्ययाची, तर नवी घटत्या परिव्ययाची आहे, आणि घटत्या परिव्ययाच्या धंद्यात उत्पादनाचे प्रमाण सांगितल्याखेरीज परिव्यय सांगता येत नाही, हे मार्शलच्या काळापासून अर्थशास्त्रास ठाऊक आहे. अधिक शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद एकंदरीतच सुव्यवस्थित रुग्णालयांत काम करीत असतील आणि त्या सुव्यवस्थेचा वाटा या फरकात असेल, ही हरकत योग्यच आहे. पण तसे असते, तर तेथील उघडी शस्त्रक्रियाही तेवढीच स्वस्त दिसावयास हवी होती, आणि ती तशी दिसली नाही.

ही विद्या हस्तगत होण्यास किती शस्त्रक्रिया कराव्या लागतात, यावर निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांच्या सहमतीवर आधारलेले एक निवेदन २०१४ साली प्रसिद्ध झाले. आरंभीच्या शिक्षणास सुमारे ५० आणि कौशल्य टिकविण्यास वर्षाला किमान २० असा अंदाज त्यात होता. या ५० शस्त्रक्रियांच्या काळात जो अधिक खर्च होतो तो वस्तुतः शिक्षणावरील भांडवली खर्च आहे. परंतु तो त्या ५० रुग्णांच्या, किंवा त्यांचे पैसे भरणाऱ्या संस्थेच्या, नावे चालू खर्च म्हणून पडतो. पुढील शेकडो रुग्णांना मिळणाऱ्या लाभाशी त्याची सांगड हिशेबात कोठेच घातलेली नसते.

वाचलेल्या खाट-दिवसांचे मोल कसे ठरवावयाचे, हा पुढला प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. रूढ पद्धत अशी की, रुग्णालयाचा वर्षाचा खर्च एकूण खाट-दिवसांनी भागून दर दिवसाचा सरासरी परिव्यय काढावयाचा आणि वाचलेल्या दिवसांनी तो गुणावयाचा. ही पद्धत सोयीची खरी, पण दिशाभूल करणारी आहे. परिचारिकांचे वेतन, इमारत, दिवाबत्ती हा खर्च एक रुग्ण एक दिवस आधी घरी गेल्याने कमी होत नाही. शिवाय मुक्कामाचा शेवटचा दिवस हा सर्वांत कमी खर्चाचा असतो. अतिदक्षता विभागातील पहिला दिवस आणि घरी जाण्यापूर्वीचा सहावा दिवस यांस एकच सरासरी लावणे चूक होय. सीमान्त दृष्टीने पाहता रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात वाचलेला दिवस म्हणजे जेवण, औषधे आणि धुलाई एवढीच बचत. याच्या अगदी उलट स्थिती ज्या रुग्णालयात खाटेसाठी रांग आहे तेथील. तेथे वाचलेल्या दिवसाचे मोल रुपयांत मोजून भागत नाही. त्या खाटेवर त्या दिवशी दुसऱ्या कोणावर उपचार झाला, हेच त्याचे मोल. याला वैकल्पिक परिव्यय म्हणतात. कर्करोगाच्या बाबतीत रांगेतील विलंबाने रोगाची अवस्था पुढे सरकू शकते. म्हणून हे मोल फार मोठे असण्याचा संभव आहे. मात्र ते कोणत्याही रुग्णालयाच्या ताळेबंदात उमटत नाही. खाट रिकामी होताच ती नव्या रुग्णाने भरते, नव्या रुग्णावर खर्च होतो, आणि वर्षअखेरीस एकूण खर्च वाढलेलाच दिसतो. ‘बचतीची पद्धत आणली आणि खर्च वाढला’ ही प्रशासकांची तक्रार अशा वेळी शब्दशः खरी असते. फक्त ती तक्रार नव्हे, कार्यक्षमतेचा पुरावा होय.

यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेचा उल्लेख थोडक्यात केला म्हणजे पुरे. स्वॉन्सन यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, २०१४ साली, फुफ्फुसाचा खंड यंत्रमानवाद्वारे काढण्याचा परिव्यय सुमारे २५,०४१ डॉलर आणि साध्या दुर्बिणीतून काढण्याचा सुमारे २०,४७७ डॉलर आढळला. कॅनडातून संचालित ‘रॅव्हल’ या यादृच्छिक प्रयोगातील १६४ रुग्णांच्या प्रारंभिक निष्कर्षांनुसार मात्र यंत्रमानवामुळे जीवनमानात झालेली सुधारणा हिशेबात धरता, गुणवत्तेनुसार समायोजित केलेल्या एका आयुर्वर्षामागे जादा खर्च सुमारे १५ हजार कॅनेडियन डॉलर पडतो, आणि श्रीमंत देशांत तो परवडण्याजोगा मानला जातो. येथेही निर्णायक बाब म्हणजे यंत्राच्या खरेदीचा व देखभालीचा स्थिर खर्च किती शस्त्रक्रियांवर वाटला गेला ही होय. समजा, अशा यंत्राचा वार्षिक भार २ कोटी रुपये आहे. वर्षाला ५० शस्त्रक्रिया झाल्यास प्रत्येकीवर ४ लाखांचा बोजा पडेल. ४०० झाल्यास ५० हजारांचा. हे आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिलेले आहेत. पण हा भागाकार न देता एखाद्या रुग्णालयाने यंत्रमानवाची जाहिरात केली, तर तिचे अर्थशास्त्रीय मूल्य शून्य समजावे.

आतापर्यंतचे पुरावे ज्या देशांतील आहेत तेथे बहुतेक खर्च शासन किंवा विमासंस्था करते. त्यामुळे शस्त्रक्रियागृहात अधिक खर्च करणारा आणि पुढे बचतीचा लाभ घेणारा हे बहुधा एकच असतात. ब्रिटनमध्ये काडतुसांचे पैसे राष्ट्रीय आरोग्यसेवेने दिले, तर पुन्हा दाखल होणारा रुग्ण टळल्याची बचतही तिच्याच पदरात पडते. भारतात ही एकता नाही, आणि म्हणून तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे आणणे धोक्याचे आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी प्रत्यक्ष खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट लक्षणीय आहे. पण पाचांतील दोन रुपये अजूनही घरातून जातात.

या घटीमागील एक कारण म्हणजे शासकीय विमायोजना. महाराष्ट्रात २०१२ साली काही जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली; २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि तीत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. या योजनांत प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयास एक ठरावीक रक्कम, म्हणजे पॅकेज, मिळते. अशा रचनेत रुग्णालयाचे वर्तन कसे राहील, याचे उत्तर सिद्धान्ताने देता येते. रक्कम ठरलेली असल्याने काडतुसांचा जादा खर्च रुग्णालयाच्या माथी येतो; वाचलेले खाट-दिवसही त्याचेच. खाटांना मागणी असेल तर दुर्बिणीचा मार्ग त्याला पटेल. नसेल तर छाती उघडणे स्वस्त. पुन्हा दाखल होणे टळल्याचा लाभ मुख्यतः योजनेला होतो. आणि रुग्ण दोन आठवडे आधी कामावर गेला, तर तो लाभ केवळ त्याच्या कुटुंबाचा. निर्णय घेणारा एक, लाभ दुसऱ्याचा, असा हा प्रकार आहे, आणि पॅकेजची रक्कम जेवढी तुटपुंजी तेवढा निर्णय लाभापासून दूर जाण्याचा संभव अधिक.

कुटुंबाची वही उघडली म्हणजे आणखी काही गोष्टी दिसतात. मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ सालापासून देशाच्या सर्व भागांतून रुग्ण येतात. बाहेरगावच्या रुग्णास रुग्णालयातून ‘घरी सोडले’, असे म्हणतात तेव्हा तो घरी जातोच असे नाही. टाके काढणे, तपासणीचा अहवाल हाती येणे, पुढील औषधोपचार ठरणे यासाठी त्याला मुंबईतच राहावे लागते. दादर येथील संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांचा व त्यांच्या नातलगांचा मोठा आधार आहे. जिला तेथे जागा मिळत नाही ती मंडळी भाड्याची खोली पाहतात किंवा रस्त्याचा आश्रय घेतात. चौथ्या दिवशी रुग्णालयातून बाहेर पडणारा मराठवाड्यातील शेतमजूर पाचव्या दिवसाचा खर्च वाचवीत नाही. तो रुग्णालयाच्या वहीतून आपल्या वहीत उतरवून घेतो. त्याच्याबरोबर आलेल्या भावाची मजुरी बुडते ती वेगळीच. उलट बाजूने, हातावर पोट असलेल्या या माणसाला बरगड्यांची वेदना व दुबळेपणा यांचा फटका कारकुनापेक्षा अधिक बसतो. दंड व छाती यांच्या जोरावर जो जगतो त्याच्या बाबतीत ‘व्हायोलेट’मधील शारीरिक क्षमतेचा निकष हाच उत्पन्नाचा निकष आहे. पाश्चात्त्य अभ्यासांत हा लाभ बहुधा जीवनमानाच्या गुणांकात दडतो. येथे तो रोजंदारीच्या दिवसांत सरळ मोजता येईल, आणि तो मोजला गेल्यास दुर्बिणीच्या बाजूचे पारडे पाश्चात्त्य आकड्यांनी दाखविले त्याहून जड भरण्याचा संभव आहे.

भारतीय परिस्थितीची आणखी एक बाजू वैद्यकीय आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत. पूर्वी क्षय होऊन गेलेल्या छातीत फुफ्फुस आतल्या पडद्यास चिकटलेले असते आणि रोहिणीभोवतीच्या लसिका-ग्रंथी चुनखडीसारख्या घट्ट झालेल्या असतात. जाकोबेउस यांनी दुर्बिणीतून सोडविले ते याच जातीचे चिकटलेले पडदे. गंमत अशी की, शंभर वर्षांनंतर तेच दुर्बिणीच्या वाटेतील अडथळा झाले आहेत. अशा छातीत दुर्बिणीने आरंभ करून मध्येच छाती उघडावी लागण्याचा संभव वाढतो. तसे झाले म्हणजे दोन्ही पद्धतींचे खर्च एकाच रुग्णावर पडतात आणि लाभ मात्र जुन्याच पद्धतीचे मिळतात. दुसरे असे की, येथील बहुसंख्य रुग्णांचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेल्यावरच ओळखला जातो. दीर्घकाळचा खोकला व छायाचित्रातील डाग यांवर आधी क्षयाचे उपचार सुरू होणे हेही त्याचे एक परिचित कारण आहे. परिणामी शस्त्रक्रियेस योग्य असे रुग्ण थोडे, आणि ते अनेक रुग्णालयांत विखुरलेले.

येथेच खरा पेच निर्माण होतो. परिव्यय सरावाने घटतो हे मान्य केले, तर थोडे रुग्ण थोड्याच केंद्रांत एकत्र आणणे हा तर्कशुद्ध मार्ग ठरतो. परंतु केंद्रीकरणाने रुग्णालयाचा परिव्यय घटतो तो प्रवास, मुक्काम व बुडालेली मजुरी यांच्या रूपाने कुटुंबाचा परिव्यय वाढवून. एकूण बेरीज कोणत्या बाजूस झुकते, हे रुग्णालयाच्या आकड्यांवरून ठरविता येणार नाही. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे एखादा शल्यविशारद वर्षाला २० शस्त्रक्रियांची मर्यादा ओलांडू शकत असेल, तर तेथे केंद्र असणे परळपेक्षा समाजास स्वस्त पडेल, जरी परळचा प्रतिशस्त्रक्रिया परिव्यय कमी दिसला तरी. आठ-दहाच रुग्ण मिळणार असतील, तर हिशेब उलटतो.

काडतुसांच्या किमतीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी अलीकडच्या वर्षांत कर्करोगावरील औषधांची एकत्रित खरेदी करून किमती मोठ्या प्रमाणात खाली आणल्या आहेत. अनेक लहान ग्राहकांच्या जागी एक मोठा ग्राहक उभा राहिला म्हणजे विक्रेत्याची मक्तेदारी शिथिल होते, या परिचित तत्त्वाचाच तो विनियोग होय, आणि स्टेपलरच्या बाबतीत तो न लागू पडण्याचे कारण दिसत नाही. या प्रश्नाची निकडही वाढत आहे. २०२२ साली जपानमधील व २०२३ साली अमेरिकेतील मोठ्या प्रयोगांनी, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या व कडेला असलेल्या गाठींसाठी सबंध खंडाऐवजी त्याचा एक भाग काढणे पुरेसे असल्याचे दाखविले. अशा शस्त्रक्रियेत फुफ्फुसाची ऊती अधिक वाचते, पण काडतुसे अधिक लागू शकतात.

महाराष्ट्रातील आकड्यांवर असा अभ्यास कोणी हाती घेतल्यास त्याला प्रत्येक रुग्णामागे शस्त्रक्रियागृहातील मिनिटे, वापरलेल्या काडतुसांची संख्या, दुर्बीण सोडून छाती उघडावी लागली किंवा नाही, शल्यविशारदाची ती कितवी शस्त्रक्रिया, आणि त्या दिवशी खाटेसाठी रांगेत किती जण होते, एवढे रुग्णालयाच्या दप्तरातून मिळवावे लागेल. गावाहून निघाल्यापासून पुन्हा कामावर जाईपर्यंतचे दिवस, सोबत्याची बुडालेली मजुरी, राहण्याचे भाडे आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचा व्याजदर हे कोणत्याही दप्तरात नाही. ते रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला, शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभर, ठरावीक मुदतीने विचारावे लागेल.